बडग्याचा बाक

मधुसूदन वैरागडे यांचा आवाज त्यांच्या देहापेक्षा मोठा होता. देह बेताचा, पायजम्याची नाडी दोनदा गुंडाळावी लागेल असा. पण एसटीत कंडक्टर असताना उमरेडच्या स्टँडवर त्यांनी "नागपूर, नागपूर!" अशी हाक दिली की भिवापूरला निघालेले दोन-चार जणही भारावून नागपूरच्या गाडीत चढत. नोकरी संपली, हुडकेश्वरच्या कॉलनीत घर झालं, गुडघे कुरकुरू लागले. आवाज मात्र होता तसाच राहिला. आता त्याला दोनच कामं उरली होती. रोज सकाळी बगीच्यात आमदार निंबुळकरांची बाजू घेणे आणि वर्षातून एकदा बडग्यापुढे हाळी देणे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे बाईच्या रूपातला मोठा पुतळा, निघते. गावातली इडा-पिडा तिच्या पदरात घालून तिला वेशीबाहेर न्यायचं आणि जाळून टाकायचं. तिच्याबरोबर बडगे निघतात. बडगा म्हणजे बांबू-कागदाचा पुतळा. वर्षभर ज्यानं लोकांना पिडलं असेल त्याचा. कधी महागाईचा, कधी डेंगूच्या मच्छराचा, बहुतेकदा एखाद्या पुढाऱ्याचा. पुढे चालणारा एकेका पिडेचं नाव घेतो आणि मागची गर्दी ओरडते, "घेऊन जा गे मारबत!" मधुभाऊंचं लहानपण इतवारीत ही आरोळी ऐकण्यात गेलेलं. हुडकेश्वरला राहायला येताना त्यांनी घरातल्या पाट्या-वरवंट्यासोबत ही प्रथाही आणली आणि कॉलनीत बडग्याचं मंडळ काढलं.

प्रथेच्या बाबतीत ते तिकीट तपासनिसापेक्षा कडक. बडग्यासंगं जे गेलं ते घरी परत येत नाही, हा नियम. पिडेच्या अंगाला लागलेली वस्तू पुन्हा उंबऱ्याच्या आत आणणं म्हणजे पिडेला आवतन देणं. एका वर्षी पोट्ट्यांनी बडग्याला शोभेसाठी अंकुशचा लग्नातला कोट घातला होता. अंकुश ठाकरे तेव्हा नवा नवरदेव. कोट सासऱ्यानं शिवलेला, अजून हळदीचा वास न गेलेला. जाळायच्या वेळी तो पाया पडला, "काका, फक्त कोट काढून घेतो." मधुभाऊ म्हणाले, "नियम म्हणजे नियम." कोट जळाला. अंकुश पुढे आमदार निंबुळकरांचा कार्यकर्ता झाला, दोघं एका पक्षात आले, एकमेकांना नमस्कार करू लागले. पण दर पोळ्याला अंकुशच्या चेहऱ्यावर त्या कोटाचा धूर दिसायचा.

निंबुळकर विधान परिषदेचे आमदार. म्हणजे ज्याला मत द्यायची संधी मधुभाऊंना आयुष्यात कधी मिळालीच नव्हती अशा माणसावर त्यांचा एवढा जीव. त्याला कारण होतं. कॉलनीत टँकर यायचा तेव्हा बायका भांडी घेऊन धावायच्या, त्यात मधुभाऊंच्या जयाबाईही असायच्या. निंबुळकरांनी पाइपलाइन आणली. नळाला पहिल्यांदा पाणी आलं त्या दिवशी मधुभाऊंनी तोटीला हार घातला होता.

"नळ आणला तो ठीक," रामाजी मेश्राम म्हणायचे, "पण बाकी काय केलं गा तुह्या साहेबानं?"

रामाजी बुटीबोरीच्या कापड गिरणीतून निवृत्त झालेले. तिथं युनियनचे पुढारी होते, त्यामुळे समोर मालक नसला तर त्यांना करमायचं नाही. मधुभाऊंनी ती गरज भागवली होती. दोघं रोज बगीच्याला चकरा मारत आणि निंबुळकरांच्या कारकिर्दीची चिरफाड करत. मुलींची अभ्यासिका दिवेलागणीला बंद करा असं साहेब सभागृहात बोलले, हे मधुभाऊंना संस्काराचं रक्षण वाटे आणि रामाजींना अंधारयुग. दोघांचं एकमत एकाच गोष्टीवर होतं: समोरच्याला अक्कल नाही.

मग उन्हाळ्याच्या तोंडाला साहेबांनी बगीच्यातले बाक उचलले.

कारण काय, तर बाकांवर पोरं-पोरी जोडीनं बसतात. "आपल्या संस्कृतीत उद्यान हे चालण्यासाठी असतं," साहेबांनी भाषण केलं. पोरं-पोरी बाक गेल्यावर गवतावर बसू लागली, आणि तेही जास्त जवळ, कारण गवताला बाकासारखे हात नसतात. अडचण झाली ती म्हाताऱ्यांची. साहेबांच्या निर्णयाला टाळ्या वाजवणारी सगळी मंडळी साठीच्या पुढची; टाळ्या वाजवून हात दुखले तेव्हा बसायला बाक नव्हता.

उचललेल्या बाकांत एक मधुभाऊंनी वडिलांच्या नावानं दिलेला होता. लोखंडी पायांचा, सागवानी फळ्यांचा, पाठीवर पितळी पट्टी: कै. सदाशिव वैरागडे यांच्या स्मरणार्थ. तो हलवताना मधुभाऊ समोर उभे होते.

"बापाचा बेंच नेऊन राहिले, अन् तू पाहून राहिला?" रामाजी म्हणाले.

"बाप असता तर त्यानं सोताच उचलून देला असता," मधुभाऊ म्हणाले, आणि गुडघ्यावर हात ठेवून उभे राहिले.

हे सगळं थट्टेवारी गेलंही असतं. पण त्याच उन्हाळ्यात जयाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

डॉक्टरीण बाईंनी बजावलं होतं, "चालायचं. थकलं की बसायचं, बसलं की उठून पुन्हा चालायचं. घरात बसून राहिलात तर गुडघा आखडेल, आणि एकदा आखडला की मग मी काही करू शकणार नाही." कॉलनीचे रस्ते गटारासाठी खोदलेले. चालायला जागा ती बगीच्याचीच. पहिल्या आठवड्यात जयाबाई अर्धी चक्कर मारून थकल्या, टेकायला काही नाही म्हणून गवतावर बसल्या, आणि उठता येईना. दोन बायकांनी काखेत हात घालून उभं केलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घागरी डोक्यावर चढवून देणारी बाई. तिला ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी मधुभाऊ प्लास्टिकची खुर्ची घेऊन निघाले तर चौकीदारानं फाटकात अडवलं. "साहेबाचा आदेश आहे, भाऊ. बसाची कोणतीच सोय नाही." मधुभाऊंनी आदेशाला मान दिला आणि खुर्ची घेऊन परत आले. त्या दिवसापासून जयाबाईंनी बाहेर पाय टाकला नाही. पोळा जवळ आला तोवर गुडघा अर्धाच वाकत होता.

"आखडून राहिला जी," त्या एका सकाळी म्हणाल्या, तक्रारीच्या नव्हे, दूध नासलं सांगावं तशा सुरात. मधुभाऊंनी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

त्याच आठवड्यात मंडळानं ठरवलं: यंदा बडगा निंबुळकरांचा.

मधुभाऊ तडकले. ज्यानं पाणी पाजलं त्याला जाळता? रामाजी मंडळाचे सभासद नव्हते, त्यांच्या घरी मारबत पाळत नसत, पण ते मुद्दाम येऊन बसले होते. "मले तुमच्या इडा-पिडेचं काही समजत नाही," ते म्हणाले, "पण या माणसाले जाळाले नेऊन राहिले असान तर एक बांबू मी धरतो."

"मग हाळी पण तूच दे!" मधुभाऊ म्हणाले आणि उठले. मधुभाऊंच्या हाळीविना बडगा म्हणजे भोंग्याविना गाडी.

पण घरी न जाता ते शहरातल्या सदर भागात गेले, साहेबांच्या ऑफिसात. मनात हिशेब साधा होता. इतकी वर्षं या माणसाची बाजू घेतली, कधी काही मागितलं नाही. आज एक बाक मागायचा. सगळे नको, एक. तो मिळाला की मंडळाला तोंड दाखवायला जागा होईल आणि जयाचा गुडघाही वाचेल.

ऑफिसच्या व्हरांड्यात भेटायला आलेली माणसं बसली होती. बाकांवर. बगीच्यातल्याच. तिसऱ्या बाकावर पितळी पट्टी चकचकत होती आणि सदाशिव वैरागड्यांच्या नावाला पाठ टेकून एक ठेकेदार दात कोरत होता. बसायला जागा होती, तरी मधुभाऊ उभे राहिले.

साहेबांनी प्रेमानं आत घेतलं, पेढा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मधुभाऊ, तुम्ही तर आपले. आपल्याच माणसासाठी अपवाद केला तर विरोधक काय म्हणतील? आणि वहिनींना या वयात बगीचे कशाला? घरी आराम करू द्या. बाई घरात बसलेली शोभते. याचसाठी तर आपण झगडतो आहोत ना?"

मधुभाऊ "हाव साहेब" म्हणाले. तीस वर्षं ज्या तोंडानं हजार माणसांना मागे सरका म्हटलं, त्या तोंडातून एवढंच निघालं. पेढा त्यांनी खिशात ठेवला, तो बसमध्ये विरघळला.

"साहेब भेटले नाही," त्यांनी घरी सांगितलं. जयाबाईंनी त्यांच्या खिशाचा तेलकट डाग पाहिला आणि शर्ट धुवायला मागून घेतला.

रामाजींपुढे मात्र दुसऱ्या सकाळी ते हट्टानं म्हणाले, "बेंच काही फेकले नाही साहेबानं. सदरच्या ऑफिसात आहे, चांगले सावलीत आहे!" आपण काय बोलून गेलो हे त्यांना कळायच्या आत रामाजींनी विषय बदलला. रामाजी विषय बदलतात तेव्हा घाबरायला पाहिजे, हे गिरणीच्या मालकाला माहीत होतं, मधुभाऊंना नव्हतं.

रामाजींनी अंकुशला फोन केला. खोटं एक अक्षर बोलले नाहीत. "मधुभाऊच्या मंडळाले साहेबासाठी बेंच पाहिजे मिरवणुकीत. त्याच्या बापाच्या नावाचा आहे तो देजो." अंकुशला वाटलं, मधुभाऊंचं मंडळ म्हणजे साहेबांचा सत्कारच असणार. त्यानं स्वतः टेम्पो करून बाक पाठवला, वर पुसायला फडकंही.

मिरवणुकीच्या दिवशी दुपारी मधुभाऊ चौकात आले ते फक्त बघायला, असं स्वतःला सांगत. आणि जागच्या जागी थिजले. हातगाडीवर त्यांच्या बापाचा बाक होता. बाकावर पांढऱ्या कागदाचे निंबुळकर ऐटीत बसलेले, पायावर पाय टाकून, गळ्यात पाटी: 'मी बसतो, तुम्ही उभे राहा.'

"आणला का नाही बेंच?" रामाजी फुशारकीनं म्हणाले. "आता मिरवणूक झाली का सरळ तुह्या घरी. वहिनीले सांग, उद्यापासून चाला."

"रामाजी, तुले कोणी सांगितलं याले गाडीवर ठेवाले?"

"काहून? काय झालं?"

"बडग्यासंगं गेलं ते परत येत नाही गा."

रामाजींनी मंडळाच्या पोरांकडे पाहिलं. पोरांनी जमिनीकडे पाहिलं. पुतळा बसवायच्या उत्साहात नियम कोणालाच आठवला नव्हता, आणि आता आठवलेला कोणालाच नको होता. "मले काय माहीत तुमचे नियम!" रामाजी म्हणाले, पण आवाज खाली गेला होता. "आता उतरवून घेऊ."

"गुलाल पडला. गाडी निघाली समज."

ढोल वाजू लागला. लोक मधुभाऊंकडे पाहू लागले. पाय आपोआप पुढे गेले. हाळीचं व्यसन दारूसारखं असतं. त्यांनी सांभाळून सुरुवात केली.

"डेंगूच्या मच्छराले!"

"घेऊन जा गे मारबत!"

"रस्त्याच्या खड्ड्याले!"

"घेऊन जा गे मारबत!"

साहेबांचं नाव मात्र ते घेईनात. मागून रामाजी ओरडले, "अन् बेंचचोराले?" मधुभाऊंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. प्रत्येक पावलागणिक बाक नाल्यापलीकडच्या मैदानाकडे चालला होता, जाळाकडे, आणि वाट दाखवत तेच त्याला घेऊन चालले होते.

वळणावर जयाबाई उभ्या होत्या. शेजारणीचा खांदा धरून घराच्या फाटकापर्यंत आल्या होत्या, उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा. त्यांनी बाक पाहिला. सासऱ्याचं नाव पाहिलं. "थांबवा जी," त्या म्हणाल्या. गाडी थांबली. "मले चढवा."

"अवं, कुठं चढून राहिली?" मधुभाऊ ओरडले.

"पाय दुखून राहिला. बेंच आपला आहे ना?" आणि दोन पोरांच्या आधारानं जयाबाई गाडीवर चढून निंबुळकरांच्या शेजारी बसल्या.

मग हशाचा लोट उठला. कारण बाकावर एक बाप्या आणि एक बाई जोडीनं बसली होती, आणि बाप्या होता खुद्द आमदार. जयाबाईंनी पदर सावरला आणि पुतळ्याचा कोपर जरा बाजूला सारला.

तेवढ्यात मोटारसायकली येऊन थांबल्या. अंकुश उतरला, मागे त्याची दहा-बारा माणसं. त्याच्या तोंडावर रक्त चढलं होतं. सदरहून साहेबांचा फोन येऊन गेला होता हे दिसतच होतं. हशा कापल्यासारखा थांबला. ढोलवाल्यानं टिपरू खाली ठेवलं. कोपऱ्यावरचा पोलीस काठी सावरून उभा राहिला.

"माह्या हातून बेंच नेला अन् साहेबाचा बडगा केला? तुमच्या नावावर दिला मी, काका!"

"मले माहीत नव्हतं रे."

"तुमचं मंडळ, तुमच्या बापाचा बेंच, तुमची बायको वरती, अन् तुम्हाले माहीत नाही?" अंकुश गाडीजवळ आला. त्याच्या एका माणसानं पुतळ्याच्या बांबूला हात घातला, रामाजींनी तो हात धरला. दोन्हीकडची पोट्टी सरसावली. अंकुश जयाबाईंना म्हणाला, "काकू, उतरा. बाईमाणसानं चारचौघांत असं बसावं? घरी बसा ना!"

घरी बसा. मधुभाऊंच्या खिशात पेढा पुन्हा विरघळला.

ते अंकुशकडे वळले नाहीत. गर्दीकडे वळले, छाती भरली, आणि उमरेडच्या स्टँडवरची हाक बाहेर आली.

"बायाले घरी बसवणाऱ्याले!"

नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरज नव्हती. मग सगळ्यात आधी ओसरीवरच्या, गच्चीवरच्या बायका ओरडल्या, "घेऊन जा गे मारबत!" आणि त्यांच्या मागून अख्खा रस्ता. अंकुशच्या माणसाचा हात बांबूवरून सुटला. ज्या गच्चीवरून आवाज आला तिथं त्या माणसाची स्वतःची आई उभी होती.

गाडी मैदानात पोचली. पोरांनी पुतळा उतरवून गवताच्या ढिगावर ठेवला. अंकुश पूर्ण वाट मागोमाग चालत आला होता. आता तो पुढे आला.

"काका, नियम म्हणजे नियम. बेंच जाळा."

मधुभाऊंचा हात बाकाच्या पितळी पट्टीवर गेला.

"माह्या सासऱ्यानं शिवलेला कोट होता. पाया पडलो होतो मी तुमच्या. पडलो होतो का नाही?"

"पडला होता."

"मग? माहा कोट म्हणजे पिडा, अन् तुमचा बेंच म्हणजे काय परसाद?"

अंकुश खरं बोलत होता. मधुभाऊंनी रामाजींकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदा रामाजींकडे मुद्दा नव्हता. नियम मोडला तर उद्यापासून कोण ऐकणार? नियम पाळला तर उद्यापासून जया कुठं चालणार? पेटता टेंभा हातात घेऊन पोरगं वाट पाहत होतं. बाकावर जयाबाई बसूनच होत्या.

"उतर वं," मधुभाऊ हळूच म्हणाले.

"कशाले? बडग्यासंगं आलं ते परत जात नाही ना?" जयाबाई म्हणाल्या. "मी बी संगंच आली. त्याच्या बाजूले बसून आली, सगळ्यानं पाहिलं. मंग मले बी ठेवा ढिगावर. दोघांचे नियम येगळे कसे राहतीन?"

वारा पडला होता. टेंभ्याचं तेल टपटपत होतं.

मधुभाऊंनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. मग अंकुशच्या समोर जाऊन उभे राहिले. "तो कोट जाळाले नोको होता. नियम खरा, पण माणूस पाहून थांबता येत होतं मले. कंडक्टर होतो मी, घंटी माह्या हातात होती." ते थांबले. "दिवाळीच्या आधी चाल माह्यासंगं सदरले. कोट शिवून देतो. कपडा तू पसंत कर."

अंकुशनं स्वतःच्या शर्टाची बाही चाचपली. "अस्तर रेशमी होतं त्याले," तो म्हणाला.

"रेशमी टाकू."

"बेंच घेऊन जा. पण मी साहेबाले सांगीन, तुम्ही पळवला म्हणून."

"सांग. माह्या बापाचाच आहे म्हणाव."

टेंभा लागला, कागदाचे निंबुळकर भडकले, ढोल वाजला. मधुभाऊंनी ज्वाळांकडे पाहून घाईघाईनं हात जोडले. ते मारबतीला होते की साहेबांना, हे त्यांनी कोणाला कळू दिलं नाही.

हातगाडी दुसऱ्या मंडळाची होती, ती परत गेली. मग बाकाचं एक टोक मधुभाऊंनी धरलं, दुसरं रामाजींनी. पुढे जयाबाई, काठी टेकत.

"बगीच्यात नाही ठेवू देणार," रामाजी धापा टाकत म्हणाले.

"फाटकाच्या बाहेर ठेवू. बाहेरचा आदेश नाही त्याचा."

"पाहा, आता 'त्याचा' म्हणून राहिला!"

"त्यांचा. अन् पाणी त्यांनीच आणलं, ध्यानात ठेव. एका बेंचनं माणूस वाईट होत नाही."

"एका नळानं देव होते काय गा?"

पुढे जयाबाई थांबल्या. मागे न बघता त्यांनी हात वर केला, मधुभाऊ एसटी थांबवायला करायचे तसा. दोघांनी बाक रस्त्याच्या मधोमध टेकवला. जयाबाई सावकाश बसल्या, पाय लांब केला, मिटला, पुन्हा लांब केला. मागे एक ऑटो आणि दोन स्कूटर खोळंबल्या. ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवला.

"थांब ना गा जरा!" मधुभाऊ आणि रामाजी एकदमच ओरडले, आणि पुन्हा नळाच्या वादावर आले.